'नको'च्या पुढचा बाण

सुराफेलने फळ्यावर एक चौकोन टोकावर उभा केला, अगदी शंकरपाळ्यासारखा, आणि म्हणाला, "प्रश्न विचारायचा तो इथेच. आणि या प्रश्नातून वाटा दोनच निघणार. एक 'हो'ची, एक 'नाही'ची."

"तिसरी नाहीच?" मी विचारलं.

"तिसरी कशाला लागते, इत्ये येशी?"

कशाला ते मला सांगता येईना. पण लागते, एवढं वाटत होतं.

सुराफेल गावातल्या तांत्रिक शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. वयाने लहान, म्हणून मला इत्ये, मोठी बहीण म्हणतो. आमच्या रुग्णालयाला त्या वर्षी नवे कॉम्प्युटर मिळाले आणि प्रशासकांनी ठरवलं की प्रत्येक विभागाचं एखादं रोजचं काम यंत्राकडे द्यायचं. त्यासाठी शनिवारी सुराफेलची शिकवणी. आम्ही आपापल्या कामाचा फ्लोचार्ट काढायचा: काम कुठे सुरू होतं, कुठे काय विचारायचं, उत्तर आलं की कुठे वळायचं, सगळं आकृत्यांत आणि बाणांत. त्यावरून तो प्रोग्राम लिहिणार. "यंत्र बिचारं आंधळं आहे," तो सांगायचा. "हात धरून न्याल तिकडे येईल. खड्ड्यात न्याल तर खड्ड्यात."

मी स्वयंपाकघर सांभाळते. रोज सकाळी वॉर्डांतून फिरून कोण जेवणार, कोण नाही हे बघायचं आणि तेवढा स्वयंपाक लावायचा, हे माझं काम. तेच मी आकृतीत मांडायला घेतलं. लंबगोलात 'सुरुवात'. खाली चौकट, 'खाटेपाशी जा'. त्याखाली शंकरपाळं, 'जेवणार का?' 'हो'चा बाण उजवीकडे, 'ताट वाढा'. 'नाही'चा बाण डावीकडे काढला आणि तिथेच माझी पेन्सिल थांबली.

"पुढे?" सुराफेल वाकून बघत म्हणाला.

"पुढे... परत विचारायचं."

"म्हणजे बाण मागे वळवायचा." त्याने माझ्या हातातून पेन्सिल घेऊन बाण वर नेला आणि पुन्हा प्रश्नाला भिडवला. "पण आता बघा हं. माणूस नको म्हणतोय, यंत्र विचारतंय. तो नको म्हणतोय, ते विचारतंय. जगबुडी आली तरी हे चालूच. थांबायचं कधी?"

"तिसऱ्यांदा," मागच्या बाकावरून गाशे, म्हणजे काका, शिबेशी म्हणाले. ते फाटकावर पहारा करतात. फाटकाचाही फ्लोचार्ट हवाच, असं म्हणून स्वतःहून येऊन बसायचे. "तिसऱ्यांदा माणूस हो म्हणतो. मी जेवायला पहिल्यालाच हो म्हटलं असतं तर सासूने मला मुलगी दिली असती का?"

"आमच्या माहेरी तीनवर कुठलं भागतंय!" लोमी म्हणाली. ती बायकांच्या वॉर्डातली नर्स. "माझी आत्या पाहुण्याच्या मागे ताट घेऊन रस्त्यापर्यंत जाते. शेजारचे म्हणतात, भांडण झालं वाटतं."

"आणि त्याचं पोट खरंच भरलेलं असलं तर?" सुराफेलने विचारलं.

"तरी खायचं."

"मग विचारायचं कशाला?"

 गाशे शिबेशी हसायला लागले, तसे बाकीचेही. मी हसले नाही. मला खरोखरच कळत नव्हतं की कशाला.

"मला आकडा द्या," सुराफेल म्हणाला. "आकडा दिलात तर यंत्र थांबेल."

"तीन," मी म्हटलं. पण मनातून मला खात्री नव्हती, कारण वरच्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात, खिडकीखालच्या खाटेवर एक बाई होती जी तिसऱ्यांदाही नको म्हणत होती. चौथ्यांदाही. ती माझी आई.

एमाये, म्हणजे आई, अंगणात जव वाळत घालताना पडली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली. पण त्यानंतर तिने जेवण सोडल्यासारखं केलं. कधी दोन घोट पाणी, कधी उकडलेल्या बटाट्याची फोड, तीही मी पाठ फिरवल्यावर. उपासाचे दिवस होते, ईस्टरच्या आधीचे लांबलचक दिवस. दूध, लोणी, मांस तर नाहीच, पण धडधाकट माणूस तिसऱ्या प्रहराआधी तोंडात काही घालत नाही. मात्र आजाऱ्याला उपास नसतो. आमचे अब्बा, ज्यांच्यापाशी आम्ही मायलेकी पापं सांगतो, स्वतः तिच्या खाटेपाशी येऊन सांगून गेले, "त्रुवर्क, तुला मोकळीक आहे. सकाळीही खायचं, दुपारीही खायचं." तिने त्यांच्या हातातल्या क्रुसाचं चुंबन घेतलं, हो म्हणाली, आणि ते गेल्यावर ताट सरकवलं.

डॉक्टर हिरुत म्हणाल्या, "हाड असं नुसत्या पाण्यावर भरत नाही, येशीमबेत. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारपर्यंत वाट बघते. मग मला नाकातून नळी घालावी लागेल." नळी म्हटल्यावर एमायेने डोळे मिटून घेतले होते. माझे वडील अशा नळीसकट गेले.

मी माझ्या परीने करायचं ते केलं होतं. ती पडली त्याच संध्याकाळी मी मरियमच्या चर्चमध्ये तसबिरीपुढे नवस बोलले की एमाये आपल्या पायांनी या फाटकापर्यंत चालत येईपर्यंत मी दिवसातून एकदाच, तेही सूर्य बुडाल्यावर जेवेन. फार मोठं काही नव्हतं ते. सगळं गाव तिसऱ्या प्रहरापर्यंत थांबतच होतं, मला थोडं आणखी थांबायचं. हे फक्त अब्बांना माहीत होतं.

तर त्या शनिवारी मी आकृती घेऊन घरी गेले आणि रविवारी चर्चमधून आल्यावर पुन्हा काढायला बसले. उपासाचं शंकरपाळं राहिलं होतं. 'आज उपास आहे का?' हो. 'रुग्णाला मोकळीक आहे का?' इथे अडलं. मोकळीक आहे हे ठरवणार कोण? मी आणखी एक शंकरपाळं काढलं, 'अब्बांना विचारलं का?' आणि नाहीचा बाण थेट अब्बांकडे नेला. मग आठवलं, वॉर्डात मुसलमान बायकाही आहेत. त्यांचे उपास वेगळे, त्यांना अब्बा कशाला? म्हणजे सगळ्यांच्या वर एक प्रश्न हवा, बाई कोणत्या घरची. मग गरोदर बायका. मग लहान मुलं. कागदावर कोळ्याचं जाळं झालं आणि मधे माझं मूळ शंकरपाळं, 'जेवणार का?', माशीसारखं अडकून बसलं.

सोमवारी सुराफेलला दाखवलं तर त्याने डोक्याला हात लावला. "यंत्राला अब्बांकडे जाता येत नाही, इत्ये."

"मग त्याला कळणार कसं?"

"तुम्ही आधी विचारून ठेवायचं, आणि उत्तर त्याच्या पोटात घालायचं."

"आणि अब्बांनी उद्या वेगळं सांगितलं तर?"

त्याने मान वर केली. "अब्बा बदलतात?"

"माणूस बघून सांगतात ते."

"हे सगळं काढू आपण," तो शेवटी दमून म्हणाला. "उपासाचं सगळ्यांना एकच जेवण करता ना तुम्ही हल्ली? मग झालं. फक्त जेवणार का, तेवढं ठेवू. तीनदा विचारायचं. तीनदा नाही आलं की पुढची खाट."

मला ते बरोबर वाटलं. निदान चूक काय ते दिसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एमायेकडे जवाची पेज घेऊन गेले, गरम, वर थोडी मिरपूड. मनात म्हटलं, बाण धरून चालून बघू.

"एमाये, पेज घेतेस?"

"नको, लेकी. भूक नाही."

एक. मी चमचा ढवळला. "अब्बांनी सांगितलंय ना? थोडी घे."

"घेईन नंतर. तू जा, तुझी चूल वाट बघत असेल."

दोन. मी तिच्या तोंडाजवळ चमचा नेला आणि ज्याच्यापुढे आमच्याकडे कोणाचं चालत नाही ते बोलले. "माझ्या मरणाची शपथ आहे तुला."

तिने माझं मनगट धरलं. हात थंडगार होता. "अशी शपथ घालू नये आईला," ती म्हणाली. "नको म्हटलं ना."

तीन. आता पुढची खाट. पुढच्या खाटेवरच्या बाईने पहिल्यालाच नको म्हटलं, दुसऱ्याला नको म्हटलं, तिसऱ्याला माझ्या हातातून वाडगा घेतला आणि चाटूनपुसून संपवला. मी रिकामा वाडगा घेऊन दोन खाटांच्या मधे उभी राहिले. दोघींचा 'नको' कानाला सारखाच लागला होता.

एमायेचा नको कसला होता? संकोचाचा असता तर तिसऱ्याला सुटला असता. उपासाचा असता तर अब्बांनी सोडवला होता. मग उरतो तो एकच, आणि त्याचं नाव घ्यायला मी घाबरत होते. घरात एकटी राहणारी, नवरा गेलेली म्हातारी बाई मनाशी ठरवते की आता पुरे. तो नको किती वेळा विचारल्यावर संपतो?

शुक्रवारी सुराफेलचा प्रोग्राम पहिल्यांदा चालवला. लोमीच्या हातात पाटीएवढं यंत्र दिलं होतं. ती खाटेपाशी जाणार, यंत्रावर उमटेल ते वाचणार आणि उत्तर दाबणार. शेवटी आकडा खाली माझ्याकडे येणार. मी त्या दिवशी वॉर्डात जायचंच नाही असं ठरलं होतं, म्हणजे यंत्राची परीक्षा होईल.

आकडा आला तेव्हा मला वाटलं, अर्धे लोक घरी गेले की काय. पण यंत्र सांगतंय म्हटल्यावर मी तेवढाच शिरो, डाळीच्या पिठाचं कालवण, शिजवला, तेवढीच इंजेरा, आमची आंबवलेली धिरडी, मोजून काढली. ताटं वर गेली आणि थोड्याच वेळात जिन्यावरून आरडाओरडा ऐकू आला.

"आमच्या म्हातारीचं ताट कुठाय?"

"शेजारणीला दिलं, हिला नाही! ही काय मांजर आहे?"

"बाई, नको म्हणाल्या त्या," लोमीचा रडवेला आवाज. "तीनदा म्हणाल्या. यात आहे बघा!"

"नको म्हणणारच! तुम्ही कशा विचारत होतात? शिपाई नाव विचारतो तशा! जेवणार? जेवणार? जेवणार?"

गाशे शिबेशी फाटक सोडून जिन्यात येऊन उभे राहिले आणि लोकांना शांत करायला लागले. शांत करता करता त्यांनाच हसू आवरेना. "पोरी, श्वास तरी घ्यायचास मधे."

"यात लिहिलं होतं तसंच वाचलं मी!"

यात लिहिलं होतं ते मीच सांगितलेलं होतं. तीनदा विचारा. यंत्राने एका दमात तीनदा विचारलं होतं. माझ्या मनातलं तीनदा वेगळं होतं. एकदा विचारायचं, मग टेकायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, पोराबाळांची चौकशी करायची, मग परत. पण तसं मी कुठल्याच चौकटीत लिहिलं नव्हतं, कारण तेही काम असतं हे मला कोणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. सुराफेल धावत आला, कागद बघितला आणि म्हणाला, "इत्ये, मी तुम्ही दिलं तेच लिहिलं." तो खरंच बोलत होता. मी पदर डोक्यावर ओढून परत चूल पेटवली.

उन्हं कलल्यावर सगळ्यांची पोटं भरली तेव्हा मी एमायेपाशी गेले. ती उशीला टेकून बसली होती, आणि किती दिवसांनी तिच्या गालावर हसू होतं.

"तुझ्या कागदाने वॉर्ड उपाशी ठेवला म्हणे."

"तू पण हस."

"हसू नको तर काय करू? रिकाम्या हाताने येऊन जेवणार का म्हणून विचारतं का कोणी? आपण खायला बसायचं आणि 'या, जेवू' म्हणायचं. येणारा येतो. मी तुला एवढं शिकवलं नाही?"

"यंत्र कसं खायला बसेल, एमाये?"

"यंत्राचं मला काय माहीत. तू का बसत नाहीस ते सांग."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय.

"माझ्यापुढे चमचा धरतेस," ती म्हणाली, "आणि तुझ्या तोंडाला उपाशी माणसाचा वास येतो. सकाळीही येतो, तिसरा प्रहर टळल्यावरही येतो. सगळे जेवलेले असतात तेव्हाही तुझे ओठ कोरडे. माझ्यासाठी काहीतरी बोलून बसली आहेस. हो ना?"

मी तिची चादर सारखी करायला लागले.

"किती दिवसांचं?"

"तू चालत मरियमच्या फाटकापर्यंत जाईपर्यंत."

"अगं माझे आई!" तिने कपाळावर हात मारला. "उपाशी लेकीसमोर बसून घास गिळू होय मी? तू दिवसा माझ्यासमोर जेवलीस की मी जेवेन. त्याआधी नाही."

"तू जेवलीस तर चालशील, चाललीस की मी जेवेन."

"मग बस तशीच," एमाये म्हणाली, आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

म्हणजे तिचा नको मरणाचा नव्हता. मला हायसं वाटायला हवं होतं. पण जिना उतरताना दुसरंच मनात आलं. एवढे दिवस मी तिच्यासाठी जे धरून बसले होते तेच तिच्या घशात अडकलं होतं, आणि सोडलं तर? देवमातेला दिलेला शब्द लेकीने मोडला आणि आईला काही झालं, तर मी कोणाकडे बघू?

शनिवारी वर्ग संपल्यावर मी सुराफेलला कागद दाखवला. त्यावर फक्त दोन शंकरपाळी होती. एकात 'आई जेवली का?', दुसऱ्यात 'लेक जेवली का?' पहिल्यातून नाहीचा बाण दुसऱ्यात, दुसऱ्यातून नाहीचा बाण पहिल्यात.

त्याने कागद उजेडाकडे धरला. "हे कुठल्या विभागाचं?"

"असंच काढलं."

"हे अडकणार, इत्ये. दोघी एकमेकींची वाट बघतायत. यंत्र असं थिजून जातं, मग वीज बंद करावी लागते."

"वीज बंद न करता?"

"एका ठिकाणी 'नाही' असलं तरी पुढे जा, असं सांगायला लागेल. नियम मोडूनच."

"कुठल्या ठिकाणी?"

"ते मी कसं सांगू? मला दोन्ही सारखीच दिसतायत." मग त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुमच्या आईचं कसं आहे आता?"

मी कागद दुमडला. पलीकडे गाशे शिबेशी आणि लोमी अजून शुक्रवारचाच वाद घालत होते. विचारायचंच नाही, सगळ्यांना वाढायचं, असं लोमीचं म्हणणं. "मग यंत्राला काम काय उरलं?" असं गाशेंचं.

रविवारी चर्च सुटल्यावर मी अब्बांना शोधलं. ते दूरच्या एका खेड्यात अंत्यविधीला गेले होते आणि चार दिवस तरी येणार नव्हते. दुसऱ्या अब्बांना विचारता आलं असतं, पण आपलं आत्म्याचं गाऱ्हाणं परक्यापुढे नेत नाहीत. मी तसबिरीपुढे उभी राहिले. मरियमच्या मांडीवर बाळ होतं. आईने लेकराला धरलेलं, पण मला त्या दिवशी ठरवता येईना की त्या दोघांत मी कोणाकडे बघून विचारतेय.  गुडघे दुखेपर्यंत तिथेच होते आणि आले तशी परत गेले.

सोमवारी सकाळी डॉक्टर हिरुत एमायेच्या खाटेपाशी आल्या तेव्हा लोमीच्या हातातल्या तबकात नळी होती, गुंडाळून ठेवलेली. माझ्या हातात ताट होतं. शिरोत मोडून कालवलेली इंजेरा, वर थोडी हिरवी मिरची. रोज न्यायचे तशी वाटी न नेता मी ताट का नेलं, ते मला आजही सांगता येत नाही.

"एमाये त्रुवर्क," डॉक्टर म्हणाल्या, "शेवटचं विचारते. जेवता का?"

एमाये माझ्याकडे बघत होती. मग तिने हात पुढे केला.  तिने ताटातला घास तीन बोटांनी गोळा केला, घट्ट केला, आणि मला वाटलं, जेवतेय, देवा, जेवतेय. पण हात तिच्या तोंडाकडे गेला नाही. तो माझ्याकडे आला. शिरो तिच्या मनगटावरून ओघळत होता.

"घे," ती म्हणाली. "माझ्या मरणाची शपथ."

आमच्याकडे असा भरवलेला घास कोणी परतवत नाही. आणि बाहेर सूर्य आत्ता कुठे वर येत होता. खिडकीतून उन्हाची तिरीप तबकातल्या नळीवर पडली होती. मी डोळे मिटले आणि वाट बघितली, की कोणीतरी आतून सांगेल, हो किंवा नाही. कोणीच काही सांगितलं नाही. तिचं बोट माझ्या ओठांना लागलं, खारट, तिखट, आणि मी तोंड उघडलं.

घास मोठा होता. एवढ्या दिवसांत सकाळचं अन्न न शिवलेल्या घशातून तो खाली जाईना. मी चावत राहिले, डोळ्यांतून पाणी येत राहिलं, मिरचीने की कशाने कोण जाणे. एमाये माझा घसा हलतोय का ते नीट निरखून बघत होती, लहानपणी औषध द्यायची तेव्हा बघायची तशी.

"गिळलंस?"

मी मान हलवली.

"आता तू दे."

मी घास केला. छोटा केला, तशी ती म्हणाली, "चिमणीला भरवतेस का?" मी मोठा केला. तिने तोंड उघडलं.

पाच-सहा घास झाल्यावर लोमीने विचारलं, "डॉक्टर, हे तबक परत नेऊ?"

"ने," डॉक्टर हिरुत म्हणाल्या. 

"तू कुठे निघालीस?" एमाये त्यांना म्हणाली. "हात धू आणि ये. या, जेवू."

"नको नको, एमाये, उपास आहे माझा."

"थोडंसं."

"खरंच नको."

"एकच घास, माझ्यासाठी."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागल्या, सोडव म्हणून. मी काय सोडवणार? हा नको कोणता, हे मला तरी कुठे कळत होतं. त्या हसत हसत मागे सरकल्या आणि दारातून पळाल्या.

अब्बा गुरुवारी परतले. मी रुग्णालयाच्या फाटकापाशी त्यांच्या क्रुसाचं चुंबन घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नवस, एमायेचा हट्ट, सोमवारचा घास, आणि त्यानंतर रोज सकाळी तिच्या हातून घेतलेला प्रत्येक घास. "माझा नवस मोडला का, अब्बा? की तिला खाऊ घालणं हाच नवस होता? मी पाप केलं की नाही तेवढं सांगा."

 ते दाढीवर हात फिरवत राहिले. "ती खाते आता?"

"खाते. मी खाल्लं तरच."

"चालते?"

"अजून नाही. काल खाटेच्या कडेला पाय सोडून बसली."

"हं." त्यांनी शाल सारखी केली. "तू बोललीस ते देवमातेशी. ते मी असं रस्त्यात उभं राहून कसं सोडवू? मला माझ्या अब्बांना विचारावं लागेल. ते मठात असतात. ईस्टरनंतर जाईन."

"आणि तोवर?"

"तोवर..." ते थांबले. मला वाटलं, त्यांनाही कुठे वळायचं ते दिसत नाहीये. "तोवर आईला एकटीला जेवू देऊ नकोस."

ते चर्चकडे गेले. मी फाटकापाशीच उभी राहिले. हो म्हणाले की नाही म्हणाले, ते मनात उलटसुलट करून बघितलं, तरी ठरेना. मग वॉर्डात ताटाची वेळ झाली, म्हणून निघाले.

त्यांच्या अब्बांचं उत्तर अजून आलेलं नाही. एमाये रोज सकाळी आधी माझ्या तोंडाकडे बघते, मग ताटाकडे. काल म्हणाली, शिरोत मीठ कमी आहे.